निघोजच्या खडकावर खडूची रेघ

प्रिय कस्तुरा,

सप्रेम नमस्कार लिहिणार होते; पण गेले आठ दिवस तू माझा कुठलाच नमस्कार घेत नाहीयेस, तेव्हा तो इथे कडेला ठेवते, मन झालं की उचल. पत्र कशाला, असं वाटलं असेल. फोन तू घेत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. शिक्षकांच्या खोलीत आपल्या खुर्च्या शेजारी-शेजारी, मध्ये हजेरीपटांची चळत, आणि त्या चळतीपलीकडून तू दिवसाकाठी एकच वाक्य बोलतेस, "जयमालाबाई, चौथी बचा पट द्या." द्या! बावीस वर्षांत तू मला पहिल्यांदा अहोजाहो केलंस. आपल्यात आदर शिरला म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे मी त्याच दिवशी ओळखलं.

आज रविवार. सकाळपासून हा कागद तीनदा पुढे घेतला आणि तीनदा उठले. एकदा दूध उतू गेलं म्हणून, एकदा ते पुसायला, आणि तिसऱ्यांदा कशाला उठले ते ओट्यापाशी गेल्यावर आठवेना. टेबलावर डावीकडे हे पत्र, उजवीकडे बालमानसशास्त्राचं गाईड. डावीकडे बघितलं की उजवीकडचं हाक मारतं, उजवीकडे बघितलं की तू. परीक्षेला सहा आठवडे राहिलेत आणि फॉर्मची मुदत बुधवारी संपते आहे. तू तो भरलेला नाहीस हे मला ठाऊक आहे, कारण तसं तू मंजुळाबाईंना सांगितलंस, आणि मंजुळाबाईंना सांगणं म्हणजे दापोडी स्टेशनवर फलक लावणं.

तुझं म्हणणं मला तोंडपाठ आहे. आमच्या संस्कृतवाल्यांच्या शास्त्रात वाद घालायच्या आधी समोरच्याची बाजू नीट मांडून दाखवावी लागते, त्याला पूर्वपक्ष म्हणतात, तेव्हा मांडते. न्यायालयाचा निकाल आला, की वर्षानुवर्षं शिकवणाऱ्यांनीसुद्धा दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे ती टीईटी, पास व्हायचं, नाहीतर घरी बसायचं. पाच वर्षांपेक्षा कमी नोकरी उरलेल्यांना सूट. मंजुळाबाईंची तीन उरलीत, त्यांनी त्याच दिवशी पर्स टेबलावर आपटून जाहीर केलं, "मी सुटले गं बायांनो, आता तुमी करा पाठांतर." आणि तू फळा पुसता पुसता मागे न वळता म्हणालीस, "सव्वीस वर्षं शिकवायलेय मी. आता कुणी मला गोल काळे करून दाखव म्हणत असेल तर मी नाही करत, जा." मग पुढच्याच आठवड्यात तुझा डब्यांचा बेत. चाकणच्या कंपन्यांत एकटी राहणारी पोरं, त्यांना दोन वेळचे डबे. सुजितभाऊजींनी आपल्या शिफ्टमधल्या पाच जणांना विचारूनही ठेवलंय म्हणे. कस्तुरा, तुझ्या हातचं जेवण मी बावीस वर्षं खाते आहे. मैत्रीपोटी खाते आहे. तू पोळ्यासुद्धा अपूर्णांकात लाटतेस. त्या पाच पोरांनी तुझं काय वाकडं केलंय?

चिडू नकोस, किंवा चिड, पण पुढे वाच. आता एक गोष्ट कबूल करते. सहलीची कल्पना मंजुळाबाईंची नव्हती. ती माझी होती, त्यांच्या तोंडून वदवली एवढंच. अभ्यासाच्या ऐन धांदलीत दोन दिवस डोक्याला हवा लावून येऊ, चिंचोलीचे मोर बघू, निघोजचे रांजणखळगे बघू, असं त्या म्हणाल्या तेव्हा मी "छे छे, अभ्यास बुडेल" असं जे नाटक केलं, त्याला स्नेहसंमेलनात बक्षीस मिळालं असतं. माझा हिशेब साधा होता. दापोडीच्या त्या खोलीत तू ऐकत नाहीस, दर दहा मिनिटांनी लोकल जाते आणि माझं वाक्य अर्धं राहतं; उघड्यावर, नदीकाठी, पोट भरलेलं असताना तुझ्याकडून फॉर्मचा होकार काढायचा. सहल तुझ्यासाठी होती. मोर नुसते निमित्त.

आणि बघ, नियमसुद्धा मीच केला, की परीक्षेचं नाव जी काढेल तिने सगळ्यांना चहा पाजायचा. शनिवारी शाळा सुटल्यावर आपण निघालो, मोशीला मंजुळाबाई हरल्या, आणि चाकणला पोचेपर्यंत मी दोन चहा हरले होते. तू एकही नाही. तू आपली खिडकीशी बसून भैरूची परीक्षा घेत होतीस. बिचारा भैरू! मंजुळाबाईंचा पुतण्या, तिशी उलटलेला, मिशा राखलेला, आठवड्याचे सहा दिवस कंपनीचे साहेब वाहणारा. पण तू गाडीत बसलीस की चौथी ब. "बाई, एसी लावू का?" "बाई, हॉर्न वाजवू का?" चाकणला नव्या गाड्या वाहणाऱ्या ट्रेलरमागे आपण अर्धा तास अडकलो, कांद्याच्या बाजाराचा वास काचा लावल्या तरी आत येत होता, आणि तू विचारलंस, "भैरू, त्याच्यावर गाड्या किती?" "आठ, बाई." "वर किती, खाली किती, असे पाच ट्रेलर गेले तर?" तो खरोखर बोटं मोजायला लागला आणि मागच्या कंटेनरवाल्याने हॉर्नचा कहर केला. "वाजवू दे त्याला," तू म्हणालीस, "तू उत्तर काढ." ह्या बाईला डबे पुरवायचेत!

मी तेव्हा तुझ्या शेजारी बसून बाहेर बघत होते असं तुला वाटलं असेल. मी पर्समध्ये हात घालून गाईडची पानं चाचपत होते. त्याला मी जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं होतं, वरून कुणालाही स्तोत्रांची पोथी वाटावी. चिंचोलीच्या मुक्कामी झोपही धड लागली नाही. उजाडता उजाडता उठले, पोथी घेऊन कडब्याच्या गंजीमागे गेले, आणि 'अध्ययनातील अडथळे' हा पाठ उघडला. तेवढ्यात चिंचेवरून आठ मोर उतरले. आठ! हातभर अंतरावर एकाने पिसारा उभा केला, आणि मी काय केलं असेल? राष्ट्रीय पक्षी कोणत्या साली जाहीर झाला, त्याचे चार पर्याय मनातल्या मनात तयार केले. सगळं जगच मला सध्या चार पर्यायांत दिसतं. यशवंतराव परवा म्हणाले, "आज भाजी कुठली?" तर मी म्हटलं, "वरीलपैकी एकही नाही." नवरा आहे म्हणून हसला, दुसरा कुणी असता तर डॉक्टरकडे नेलं असतं.

मान वर केली तर पलीकडे बांधावर तू. ओंजळीत ज्वारी, पदर कमरेला, आणि अशी थांबलेली की मोरांनी तुला खांब समजावं. एक मोर तुझ्या पायाशी येऊन दाणे टिपायला लागला. तू मला कधीच बघितलं होतंस बहुतेक, कारण न वळताच हळू म्हणालीस, "जयू, बघ. ह्यांना कुणी म्हणत नाही की तू मोर असल्याचा दाखला आण." तिसरा चहा मी तिथेच हरले, कारण मी म्हटलं, "मोराला पगार नाही मिळत, म्हणून परीक्षाही नाही." तू हसलीस. मला वाटलं, जमलं. दुपारपर्यंत होकार.

आता निघोजचं सांगते. तू होतीसच तिथे. पण तू तुला दिसली नाहीस, मला दिसलीस, म्हणून सांगते.

कुकडीचं पात्र बघून मंजुळाबाई आधी चिडल्याच. "ह्ये काय, दगडच हायेत की नुसते!" मग कडेशी जाऊन वाकून बघायला लागल्या. काळाकभिन्न खडक, आणि त्यात कुणीतरी आतून कोरून काढल्यासारखे रांजण. एकात एक, एकाला लागून एक, काहींत माणूस उभा बुडेल. खाली पाणी घुसळतंय, वर ऊन. मला तर ते बघून बरं वाटेना. तेवढ्यात ती सहलीची मुलं आली. जिल्हा परिषदेच्या कुठल्याशा शाळेची चाळीस मुलं, आणि त्यांच्यामागे धावणारी त्यांची तरुण बाई एकटी, ती वर्षाली. बरोबरचे गुरुजी भेळेच्या ऑर्डरला गेलेले. पोरं खडकावर शेळ्यांसारखी पांगली, दोघं तर थेट कडेला, आणि वर्षालीचा आवाज फाटायला लागला.

तू चप्पल काढलीस. पर्समधून खडू काढलास. पर्समध्ये लोक लिपस्टिक ठेवतात, तू खडू ठेवतेस, ह्यावरून मी तुला किती वर्षं चिडवते आहे! वाकून खडकावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पांढरी रेघ ओढलीस आणि सरळ उभी राहून, ओरडलीही नाहीस, म्हणालीस, "ह्या रेषेच्या अलीकडे. बोटसुद्धा पलीकडे नाही." चाळीस पोरं थांबली. सेल्फी काढणारं एक जोडपं होतं, तेही थांबलं. मंजुळाबाई दोन पावलं मागे आल्या, आणि खोटं कशाला बोलू, माझे पायही रेघेच्या अलीकडे आहेत ना ते मी बघून घेतलं. मग तू भैरूकडून पाण्याचा तांब्या मागितलास, त्यात एक खडा टाकलास आणि गरागरा फिरवायला लागलीस. "ऐका. काय वाजतंय? हा खडक कोणी खाल्ला?" पोरं ओरडली, "पाण्यानं!" "पाणी एकटं काय खातंय? पाण्यात अडकलेल्या दगडाने खाल्ला. त्याला बाहेर पडायला येत नाही म्हणून तो फिरतो. फिरतो म्हणून कोरतो. आता सांगा, हजार वर्षांत एवढं एवढं कोरलं, तर एवढ्याला किती?" आणि एका मिनिटात निघोजच्या त्या उन्हात, नदीच्या आवाजात, अनोळखी पोरं त्रैराशिक करत होती. एक मुलगी खडकावरच आकडे लिहायला तुझ्याकडे खडू मागायला आली. तू अर्धा मोडून दिलास.

मी चौथीला परिसर अभ्यास शिकवते. संस्कृतात बी.ए. झालेली बाई वीसेक वर्षं 'माती व खडक' शिकवते आहे, आणि मला त्या दिवशी कळलं की खळगा कसा पडतो.

भेळ येईस्तोवर वर्षाली तुझ्यापाशी आली. डोळे नुसते चमकत होते तिचे. "मॅडम, कसलं भारी शिकवलंत! तुम्हाला टीईटीला गणितात किती होते?" साधा प्रश्न. त्या पोरींच्या पिढीत हा प्रश्न गाव कुठलं असं विचारावं तसा विचारतात. तू उत्तर शोधत होतीस. नाही, तू शोधत नव्हतीस, तू फक्त श्वास घेत होतीस. पण माझी जीभ! माझ्या जिभेला शांतता सोसत नाही. मी म्हटलं, "कस्तुराबाईंनी अजून परीक्षाच दिली नाही. ती परीक्षा आपल्या लायकीची आहे का, ह्याचा त्या विचार करतायत." मंजुळाबाई खो खो हसल्या. भैरूसुद्धा मिशीत हसला. आणि ती पोरगी हसली नाही, तेच वाईट. ती गोंधळली. म्हणाली, "म्हणजे मॅडम टीईटी पास नाहीत?" आणि मग अगदी मायेने, आजारी माणसाशी बोलावं तशी, "काही नाही हो मॅडम, सोपी असते. मी नोट्स पाठवते तुम्हाला."

तुझा चेहरा मी बघितला. रागाचा असता तर मी सांभाळलं असतं, तुझ्या रागाची मला सवय आहे. तू हाताचा खडू झटकलास, चप्पल घातलीस, "चला, उशीर होतोय" म्हणालीस आणि गाडीत पुढे, भैरूच्या शेजारी जाऊन बसलीस. त्याला ट्रेलरवरच्या गाड्याही विचारल्या नाहीस. शिक्रापूरला तो घाबरून स्वतःच म्हणाला, "बाई, चाळीस." तू म्हणालीस, "बरोबर," आणि खिडकीकडे तोंड केलंस.

गेल्या आठ दिवसांची बातमी देते, तू त्यात होतीस तरी. सोमवारी तू शिकवत होतीस आणि मी माझा वर्ग लिहायला बसवून भिंतीला कान लावून उभी होते. तुझा आवाज नेहमीचा होता, पण पोरांना एकदाही हसवलं नाहीस. बुधवारी मंजुळाबाईंनी मला जिन्यात गाठलं. "व्हय गं, तू काय तिला चारचौघांत बोलायचं व्हतं का? शानी समजते सवताला." मी म्हटलं, तुम्हीच तर हसलात. त्या म्हणाल्या, "मी हसले, तू बोललीस. लई फरक हाय." गुरुवारी यशवंतरावांची सुट्टी, त्यांनी मला तीनदा विचारलं की घरात एवढ्या येरझारा कशाला. शुक्रवारी तू डब्यांसाठी स्टीलचे डबे बघून आलीस, हे मला फलकावरून, म्हणजे मंजुळाबाईंकडून, कळलं. शनिवारी, काल, मी हा कागद आणला.

आता उत्तरपक्ष मांडायला हवा, म्हणजे तुझं म्हणणं खोडायला हवं. खोडता येत नाही. सव्वीस वर्षं जिने शिकवलं तिला गोल काळे करून दाखव म्हणणं हा अपमान आहे, हे तुझं म्हणणं खरं आहे. त्या खडकावर तू जे केलंस ते कुठल्याच पर्यायात बसत नाही. मग मी दोन महिने तुझ्या मागे का लागले होते? तुझी काळजी म्हणून, असं मी मंजुळाबाईंना सांगितलं, यशवंतरावांना सांगितलं, आणि स्वतःलाही पुष्कळदा सांगून पाहिलं. थोडीशी होतीही. बाकीचं लिहायला धीर होत नव्हता, म्हणून सकाळपासून दूध, ओटा आणि मोर चालले होते. आता लिहिते, आणि लिहून झालं की परत वाचणार नाही.

मागच्या वेळची परीक्षा मी दिली होती, कस्तुरा. कराडला मावसबहिणीच्या मुलीचं लग्न म्हणून रजा घेतली, तेव्हा. लग्नबिग्न काही नव्हतं. आकुर्डीतच एका कॉलेजात केंद्र होतं. दारावर ओळखपत्र तपासायला आपलाच जुना विद्यार्थी; तो सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला आणि मग यंत्रावर माझा अंगठा घेतला. दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानातले लाडू लग्नाचे म्हणून खोलीत वाटले आणि तू म्हणालीस, कराडचे लाडू इथल्यासारखेच लागतात. मला दीडशेपैकी एक्क्याऐंशी गुण मिळाले. नव्वद लागतात. गणितात तीसपैकी सहा. डोळे मिटून गोल काळे केले असते तरी हिशेबाने सात-आठ पडले असते, मी विचार करून सहा मिळवले. घरात कुणाला माहीत नाही, शाळेत कुणाला माहीत नाही. वर्षालीने विचारलं तेव्हा मला वाटलं, आता ही माझ्याकडे वळणार, आणि ती वळायच्या आत मी तुला पुढे ढकललं. तुझ्या लायकीची थट्टा केली ती माझी झाकायला. तू फॉर्म भर किंवा भरू नकोस, त्यावर ह्यापुढे मी एक शब्द काढणार नाही; भरलास तर त्या केंद्रावर मी एकटी नसेन, एवढाच माझा स्वार्थ, तोही सांगून टाकला. मागणं दुसरंच आहे. मंगळवारी शाळा सुटल्यावर तुझ्या वर्गात मला गणित शिकव. अपूर्णांकापासून. मी शेवटच्या बाकावर बसेन, चेष्टा केली तर उठवून बाहेर काढ. उद्या मी मंजुळाबाईंना हे स्वतः सांगणार आहे, म्हणजे दुपारपर्यंत सगळ्या शाळेला कळेल. पण तुला आज, आधी कळावं म्हणून हे पत्र भैरूच्या हाती पाठवते आहे. सोबत माझं गुणपत्रक जोडलंय. तू पोरांच्या उत्तरपत्रिकांवर लाल पेनाने जे शेरे मारतेस, त्यातला वाटेल तो ह्याच्यावर मार. कितीही वाईट मार. फक्त कोरं परत पाठवू नकोस.

तुझीच, नऊ गुणांनी उणी,
जयमाला